एकतीस टॅब

अजिनाथने माउस तिसऱ्यांदा दाबला. पडद्यावरचं गोल चक्र फिरतच राहिलं.

"काका, पाचला साइट बंद होणार," अदिबा म्हणाली. फळांचा गाडा लावणाऱ्या चाँदची ही मुलगी. शिष्यवृत्तीची आज शेवटची तारीख होती. ती हुकली तर तिचं बीडचं कॉलेज सुटणार होतं. साडेचार वाजले होते.

"मशीन दमलंय."

"दमलं न्हाई. मागं एकतीस टॅब उघडे हायत. सगळी मेमरी तेच खातेत. कावून ठेवलेत?"

ते योगिताचे होते. तलवाड्यातलं हे सेवा केंद्र त्याच्या बायकोचं. ज्याचं काम अर्धं राहिलं त्याचा टॅब ती उघडाच ठेवायची. ती जाऊन दोन महिने झाले. तेव्हापासून खुर्चीवर तो बसत होता. टॅब बंद केला की त्या माणसाचा अर्ज रद्द होतो, अशी त्याची समजूत. म्हणून रोज सकाळी मशीन लावलं की आधी 'पुन्हा उघडा' दाबायचा.

"एक सटवाच्या पीकविम्याचा हाय," तो म्हणाला. "एक सावित्रीबाईच्या पेन्शनचा. माणसं काय म्हणतील?"

अदिबाने एक टॅब उघडला. पांढरं पान आलं. 'वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा.' दुसरा उघडला, तेच. तिसरा, तेच.

"ह्यात काईच न्हाई काका. करू बंद?"

अजिनाथने तिन्ही पानं परत एकदा बघितली.

"कर."

तिने भराभर टॅब बंद केले. शेवटी उजवीकडचा एक उरला.

"हाच लई खातोय. व्हिडिओ हाय."

तिने तो उघडला तसा एका माणसाचा आवाज खोलीत आला. "घाबरू नका. माउस हातात धरा. काही बिघडत नाही." खाली लिहिलं होतं : मोठ्या माणसांसाठी कॉम्प्युटर, धडा पहिला.

अदिबाला हसू आलं. "काकूला कशाला हे? काकू तर आमालाच शिकवायची." मग तिने अजिनाथकडे बघितलं आणि हसू आवरलं.

योगिता त्याला मशीनजवळ फिरकू द्यायची नाही. "तुमी लांबच बरे, हात लावला की बिघडतंय." दिवाळीच्या तोंडावर संभाजीनगरच्या दवाखान्यातून तिचा रिपोर्ट आला. तो पर्समध्ये घालून ती म्हणाली, "महिन्याभरात येते की खुर्चीवर." त्याने ते खरं मानलं. मग विचारायचं असं काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती एकदा केंद्रात येऊन गेली, तेवढीच.

"व्हिडिओ कोणत्या दिवशी लावला ते हिस्ट्रीत दिसतं," अदिबा हळूच म्हणाली. "काढू तारीख?"

"नको. किती वाजले?"

"पावणेपाच."

"मग बंद कर. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

तिने आधी आवाज कमी केला, मग टॅब बंद केला. अर्जाचं पान लगेच उघडलं. ती मान खाली घालून नाव टाईप करायला लागली.

"अदिबा, ती तारीख राहती का पुसती?"

"तीन महिने राहती. मग आपोआप जाती."

अजिनाथने दिवाळीपासूनचे दिवस बोटांवर मोजले.

"मग अजून आठ दिस हायत," तो म्हणाला, आणि तिचा कागदांचा गठ्ठा पुढे ओढून पहिला दाखला शोधायला लागला.