परदेशी गाड्या इथे लावू नयेत

मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे मित्रांनो, ती निदान पुसता तरी येते. मी लोखंडी. माझ्यावर एकदा जे लिहिले गेले ते जन्मभर तसेच राहिले: 'परदेशी गाड्या इथे लावू नयेत. लावल्यास उचलून नेल्या जातील.' आज मी एका चकचकीत दालनात भिंतीवर टांगलेली आहे. माझ्यावर दिव्याचा झोत असतो आणि लोक माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. एवढा मान मिळूनही ही कुरकुरते का, असे तुम्हाला वाटेल. मग ऐकाच.

माझा जन्म मिशिगनमधल्या लॅन्स्फर्ड गावी, हॅल्डेन मोटर्सच्या कारखान्यात झाला. त्या काळी देशातल्या रस्त्यावर दोन गाड्या उभ्या दिसल्या, तर त्यांतली एक हॅल्डेनची असायची. लॅन्स्फर्डमध्ये तर दोन्ही. मी खरे तर बॉनेट व्हायची. पत्रा दाबताना माझ्या एका कोपऱ्यात सुरकुती पडली, म्हणून मला बाजूला टाकले. त्याच दिवशी तशाच सुरकुत्यांचे कितीतरी पत्रे रंगून गाड्यांवर चढले. मी एकटीच कशी पकडली गेले, ते मला आजवर कळलेले नाही.

रंगखात्यात ओडेल प्रुइट नावाचा कामगार होता. त्याचे अक्षर मोत्यासारखे. त्याने मला त्या वर्षीच्या लालबुंद रंगाचे दोन हात दिले आणि वर पांढरी अक्षरे काढली. मजकूर त्याचा नव्हता. तो होता त्याच्या जिवलग मित्राचा, चेस्टर डोब्रोव्स्कीचा. त्याला सगळे चेट म्हणत. कामगारांच्या युनियनमध्ये चेटच्या शब्दाला वजन होते आणि कारखान्यात त्याच्या हातोड्याला.

हा हातोडा काय होता ते सांगायला हवे. गाड्या लाईनवरून सरकत पुढे येत, आणि चेट त्यांना दारे बसवी. दार काही सरळ बसत नसे. कधी बिजागरी वाकडी, तर कधी चौकटच. मग चेट रबरी हातोड्याने खालून दोन आणि बाजूने एक असे ठोके घाली आणि दार कसेबसे लागे. तो हे इतके सफाईने करी, की नवे कामगार बघायला उभे राहत. लाईन थांबवून बिजागरीच नीट करावी, असे कुणाच्या मनात आले तरी ओठावर येत नसे. लाईन थांबवणे म्हणजे मोठा गुन्हा. हातोड्यानेही भागले नाही, तर चेट गाडीला पुढे ढकलून म्हणे, "पुढं बघतील." पुढचे म्हणत, विक्रेता बघेल. विक्रेता म्हणे, गिऱ्हाईक बघेल. आणि मित्रांनो, गिऱ्हाइकाने बघितले.

तेव्हा गावात जपानच्या छोट्या गाड्या दिसू लागल्या होत्या. त्या पेट्रोल कमी पीत आणि कुरकुर करत नसत. लॅन्स्फर्डला संताप आला. चेटने मला युनियनच्या हॉलबाहेर, गाड्या लावायच्या अंगणात, खांबावर ठोकले. टाळ्या झाल्या. माझा ऊर भरून आला, खोटे कशाला बोलू?

तिकडे कामगार दिन सप्टेंबरात असतो. त्या दिवशी जत्रा भरली. तिथे एक जुनी जपानी गाडी आणून ठेवली होती. डॉलर द्यायचा, घण उचलायचा आणि तिच्यावर एक घाव घालायचा. जमलेला पैसा अनाथाश्रमाला जाणार होता. पहिला मान अर्थातच चेटचा. काचा फुटल्या, छप्पर बसले, पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. सगळे दमून बिअर प्यायला वळले, तेव्हा ओडेल त्या चेंदामेंद्यापाशी गेला. त्याने गाडीचे दार उघडले आणि लावले. ते हलक्या आवाजात 'टप्' करून लागले.

"चेट, इकडे ये," ओडेल म्हणाला. "हे दार अजून लागतंय."

"मग आणखी एक घाल!"

"अरे लेका, तू तीन घातलेस त्यावर. आपली दारं तर घाव घातल्याशिवाय लागत नाहीत."

सगळे खो खो हसले. चेटही हसला. त्याने पेला उंचावला आणि ओरडला, "पुढच्या वर्षी आपला धंदा दुप्पट!" दर जत्रेला तो हेच म्हणे. पुढे पुढे आकडा उतरत गेला. दुप्पटचे 'होता तेवढाच' झाले, मग 'पुन्हा पहिला नंबर' झाले. 'पुढच्या वर्षी' मात्र कायम राहिले.

बाजारातला हॅल्डेनचा हिस्सा घसरत अर्ध्यावरून चौथाईवर आला. कंपनीने लहान गाडी मेक्सिकोत बनवायला घेतली. त्या गाड्या माझ्या पायाशी ऐटीत उभ्या राहत, कारण त्यांच्या नाकावर हॅल्डेनचा बिल्ला होता. मी पडले पाटी. कुठली गाडी कुणाच्या हातची, हे मला कोण सांगणार? लॅन्स्फर्डची मात्र एक पाळी बंद झाली.

त्या पाळीत चेटची मुलगी मार्सी होती. बापाच्या शेजारीच दारांवर होती ती. काम गेल्यावर तिने वर्षभर वाट पाहिली. मग ती दक्षिणेला ओहायोत गेली आणि एका जपानी कंपनीच्या कारखान्यात लागली. नाताळला घरी आली ती तिथल्या गाडीतून.

"ती गाडी माझ्या दारात लावायची नाही," चेट म्हणाला.

तेव्हापासून मार्सी गाडी सेंट हेडविगच्या चर्चपाशी लावी आणि बर्फातून पिरोगीचा, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांचा, डबा घेऊन घरापर्यंत चालत येई. हॉलमध्ये यायचे असले तरी तेच. बाप तिच्या गाडीत कधी बसला नाही. आई मधल्या मध्ये झुरत राहिली. वर्षामागून वर्षे अशी गेली. आणि तिला चर्चपासून चालत येताना पाहून हॉलमधली माणसे म्हणत, "शिस्तीची आहे हं चेटची पोर!"

मग चेट म्हातारा झाला. त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. ईस्टरआधीच्या एका शुक्रवारी हॉलमध्ये माशांची पंगत होती. त्यांच्या उपासाला मासे चालतात. मार्सीही आली होती. जेवण आटोपून चेट आणि ओडेल बाहेर आले. चेटची हॅल्डेन माझ्या खालीच उभी होती. ती काही केल्या सुरू होईना. गारठा असा, की माझा पत्रा कडकडत होता.

"थांबा बाबा, मी गाडी आणते," मार्सी म्हणाली.

"तुझ्या गाडीत मी बसणार नाही."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय? थंडीत उभं राहायचं नाही."

"चेट, तुला नसेल बसायचं तर नको बसू," ओडेल म्हणाला. "मी बसतो. तू राहा तुझ्या पाटीला टेकून. बर्फ वितळलं की येतो बघायला."

मार्सी गाडी घेऊन आली आणि थेट माझ्या पुढ्यात थांबली.

"पाटी वाचता येत नाही का तुला?" चेट गुरगुरला.

"येते की. तिच्याखाली खेळूनच मोठी झालेय. बसा आधी."

चेट बसला. दार ओढले, तर 'टप्' करून लागले. त्याने ते पुन्हा उघडले. पुन्हा लावले. मग बोट घालून फटीवरून वरपासून खालपर्यंत फिरवले.

"कुणी बसवलंय हे?"

"मी."

"मी म्हणजे?"

"मी म्हणजे मी, बाबा. तिकडंही दारांवरच आहे. ही गाडी माझ्याच हाताखालून गेलीय."

"हातोडा कुठला वापरता?"

"हातोडा नसतो."

"मग नाही बसलं दार तर?"

"दोरी असते. ती ओढायची. लाईन थांबते."

"थांबते?" चेट तिच्याकडे बघतच राहिला. "आणि मुकादम? शिव्या घालतो?"

"धावत येतो आणि विचारतो, काय झालं म्हणून. मग बिजागरी कुठं वाकली ते शोधतात. पहिल्या वेळी ओढली तेव्हा मी रडले होते, बाबा. वाटलं, गेली नोकरी."

चेटने काचेतून वर माझ्याकडे पाहिले. तशा नजरेने त्याने मला कधी पाहिले नव्हते. मग गाडी निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात चेट शिडी आणि पाना घेऊन आला. ओडेलने शिडी धरली. चेट दुसऱ्या पायरीवर धापा टाकत होता, तोच हॉलचा चिटणीस व्हर्न हॅस्किन्स बाहेर आला.

"चेट, काय चाललंय?"

"पाटी काढतोय. मीच लावली होती."

"लावलीस तू, पण आहे ती सगळ्यांची. पोरीच्या एका फेरीत विरघळलास होय?"

"व्हर्न, तुझी गाडी मेक्सिकोची. ती हिला चालते. माझ्या पोरीनं ओहायोत बनवलेली चालत नाही. परदेशी कोण, सांग बरं."

"बिल्ला बघ की!"

"बिल्ल्यानं दार लागत नाही, व्हर्न."

एव्हाना आतली माणसे गोळा झाली होती. व्हर्न म्हणाला, हात वर करून ठरवू. ही रीत चेटनेच घालून दिलेली. पाटी काढावी म्हणून एक हात ओडेलचा वर झाला आणि दुसरा चेटचा. बाकी कुणाचा नाही. चेट शिडीवरून उतरला. मला लावताना ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तेच हे लोक. मला तेव्हा त्यांचा राग आला आणि अजूनही आहे. माझ्यावरचा शब्द खरा की खोटा, हे बघायची त्यांना गरज वाटली नाही. कारखान्यात दाराचे तेच, बाहेर माझे तेच.

त्या सप्टेंबरात जत्रेआधी चेट गेला. दफनानंतरचे जेवण हॉलमध्येच होते. आईला चालवत नव्हते, म्हणून मार्सीने गाडी माझ्यापाशी लावली आणि आईला हाताला धरून आत नेले. व्हर्नने ते खिडकीतून पाहिले आणि गाड्या उचलणाऱ्याला फोन केला.

ओडेल धावत बाहेर आला तेव्हा गाडी साखळीला लागली होती. "व्हर्न, माणूस आहेस का कोण आहेस? आजच्या दिवशी?"

"आजच्या दिवशी म्हणूनच," व्हर्न म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होते. "चेटचा नियम आहे. चेटच्याच दिवशी मोडू?"

त्याला खरोखर वाटत होते की तो मित्राचा मान राखतो आहे. अशा माणसांपुढे काय बोलणार?

गाडीच्या मागच्या सीटवर चेटचा रबरी हातोडा होता. जाण्यापूर्वी तो त्याने मार्सीला दिला होता आणि सांगितले होते, "वापरू नकोस. नुसता ठेव." गाडीबरोबर तोही गेला. मार्सी बाहेर आली आणि रिकाम्या जागेपाशी उभी राहिली. चर्चमध्ये ती रडली नव्हती. इथे, माझ्याखाली, ती ओक्साबोक्शी रडली. मग आईला ओडेलच्या नातीच्या गाडीत बसवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी दंड भरून तिने गाडी सोडवली. हातोडा काही मिळाला नाही. ती पुन्हा त्या अंगणात आली नाही.

पुढे लॅन्स्फर्डचा कारखाना बंद पडला आणि हॉलही विकायला निघाला. तेव्हा कंपनीचा एक मोठा साहेब आला. हॅल्डेन आता विजेच्या गाड्यांवर पुन्हा पहिल्या नंबरावर जाणार होती. मुख्य कचेरीत जुन्या दिवसांचे दालन उभे राहत होते आणि त्यासाठी साहेबाला मी हवी होते. तो कंपनीच्या अगदी नव्या गाडीतून आला. उतरला आणि त्याने दार लोटले. ते लागले नाही. त्याने इकडेतिकडे पाहिले, हसला आणि कमरेचा धक्का देऊन ते पुन्हा लावले.

अंगणात काठी टेकून ओडेल उभा होता.

"तुमचा विश्वास बसेल का, आजोबा?" साहेब म्हणाला. "पुन्हा पहिला नंबर!"

"दाराचं काय?" ओडेलने विचारले.

"हो, ते किरकोळ आहे. पुढं बघतील."

ओडेलने माझ्याकडे पाहिले आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

तर मित्रांनो, अशी मी इथे आले. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, तेलपाणी करा. माझी विनंती उलटी आहे. मला गंजू द्या. हा दिव्याचा झोत काढा. जपायचेच असेल, तर जे काम तुमच्या हातात आहे ते जपा. वाकडे बसले तर तिथेच थांबा आणि सरळ करा, पुढच्यावर ढकलू नका. आणि कुणाला परका म्हणण्याआधी त्याने काय बनवले आहे ते एकदा उघडून, लावून बघा. चेटला हे कळायला अख्खे आयुष्य लागले, आणि कळले तेव्हा त्याच्या बाजूने वर व्हायला एकच हात उरला होता.

माझ्यासमोरच्या चौथऱ्यावर हॅल्डेनची नवी गाडी ठेवली आहे. लोक तिच्यात बसतात, उतरतात आणि विचारतात, कंपनी पुन्हा पहिली येईल का? दालनातली मुलगी गोड हसून म्हणते, पुढच्या वर्षी नक्की. मला कुणी विचारत नाही. मी दिवसभर त्या गाडीचे दार ऐकत असते. अजून ते दोनदा लावावे लागते.