वकिलाच्या एक पाऊल पुढे

कालिंदी सबनीस यांच्या व्याख्यानाला एरवी वीसेक माणसं जमत. त्या शनिवारी दादरच्या ग्रंथालयात खुर्च्या कमी पडल्या, कारण विषय होता अवधूत.

अवधूत भोईवाड्याचा, सव्वीस वर्षांचा. भर रस्त्यात लोकांना गाठायचं, त्यांची चूक पकडायची आणि फोनसमोर हसत हसत त्यांना सोलायचं, हेच त्याचं काम. आठ लाख लोक त्याला फॉलो करत. शिव्या देणारेही कमी नव्हते. मार्चमध्ये त्याने खुर्चीत डुलकी लागलेल्या एका वॉचमनच्या कानाशी भोंगा वाजवला. व्हिडिओ तुफान चालला, वॉचमनची नोकरी गेली.

कालिंदीबाई निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी अवधूतची तुलना एका जुन्या कादंबरीतल्या वकिलाशी केली. तोही जिभेच्या जोरावर लोकांना उघडं पाडणारा, आणि नको नको म्हणता वाचकाला आवडून जाणारा.

"मॅडम, मला व्हिलन म्हणताय?" मागून आवाज आला.

दारात अवधूतच उभा होता, फोन समोर धरून. "लाइव्ह आहे हां. नऊ हजार लोक बघतायत."

"बघू देत," बाई म्हणाल्या. "मी तुला नायकच म्हटलं. पण तो तुझ्याहून मोठा."

"का? जास्त हुशार होता?"

"हुशारीत तू कमी नाहीस. पण त्याच्यामुळे एका कारकुनाचं घर उद्ध्वस्त झालं, तेव्हा तो स्वतः त्याच्या दारात गेला. तू गेलास?"

"तो वॉचमन कुठे राहतो, मला काय माहीत?"

"कॉटन ग्रीनला. गंगाधर परब. मी मंगळवारी भेटून आले. दुसऱ्या पाळीचा वॉचमन आजारी म्हणून ते सलग छत्तीस तास ड्यूटीवर होते. हे तुझ्या आठ लाख लोकांना ठाऊक आहे?"

अवधूतने लाइव्ह बंद केलं. जाताना त्याने कादंबरी मागून घेतली.

आठवड्याने त्याचा फोन आला. "मॅडम, वाचली. तुमचा वकील दारात जातो, पण माफी मागतच नाही. नुसतं हवापाण्याचं बोलून येतो."

तीस वर्षं ती कादंबरी शिकवूनही बाईंनी हे कधी विचारात घेतलं नव्हतं. "खरंय," त्या म्हणाल्या. "मग तू त्याच्या पुढे जा."

रविवारी सकाळी दोघं कॉटन ग्रीनला गेले. गंगाधरनी दार उघडलं आणि पाहताक्षणी त्याला ओळखलं.

"काका, चुकलं माझं," अवधूत म्हणाला.

"माका माफी नको," गंगाधर म्हणाले. "भोंगो सगळ्यांसमोर वाजवलंस ना? मग आता सगळ्यांसमोरच सांग."

तिथेच जिन्यावर बसून अवधूतने फोनवर लाइव्ह सुरू केलं आणि अकरा मिनिटं बोलला. विनोद नाही, संगीत नाही. छत्तीस तासांचं सांगताना त्याचा आवाज फाटला, तरी तो थांबला नाही. गंगाधर दाराला टेकून शेवटपर्यंत ऐकत होते. मग आत वळून बायकोला म्हणाले, "शांता, दोघांका चाय टाक."

दोन दिवसांत साठ हजार लोकांनी त्याला सोडलं. 'विकला गेला', 'घाबरला' अशा कमेंट पडल्या. त्याने एकही पुसली नाही. परळच्या एका सोसायटीने व्हिडिओ पाहून गंगाधरना दिवसपाळीवर घेतलं.

पुढच्या महिन्यात अवधूतने वॉचमनना सलग ड्यूट्या लावणाऱ्या एका ठेकेदाराला गाठलं. जीभ पूर्वीइतकीच तिखट होती, आणि या वेळी समोरच्याला तोंड लपवायला जागा सापडत नव्हती.