कपाटांखालच्या विटा

वाचनालयाच्या तळघरात पाणी शिरलं, की ग्रंथपाल प्रत्येक कपाटाखाली एकेक वीट वाढवत. पूर्वी पाणी चार-पाच वर्षांतून एकदा यायचं. आता नदी वर्षातून दोनदा भेटायला येई. कपाटं नऊ विटांवर उभी होती आणि वरच्या फळीवरचं पुस्तक कोणी मागू नये, अशी सगळ्यांचीच इच्छा असे.

इमारत दीडशे वर्षांची. यंदा भिंतीला तडा गेला. इंजिनिअर बघून म्हणाले, "महिन्याभरात पाया दुरुस्त करा, नाहीतर कुलूप." बायको गेल्यापासून त्यांना घर खायला उठे. बसायला हीच एक जागा उरली होती.

त्यांनी जुनी बांधकामं जाणणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री तळघरात उतरले आणि थबकले.

"साहेब, पुस्तकं छताला चिकटवायची आहेत का?"

"चेष्टा नको, मिस्त्री. पाणी चढतंय, तसे आम्हीही चढतोय."

मिस्त्रींनी वाकून एक वीट न्याहाळली. "ही कुठली?"

"मागच्या भिंतीलगत जमिनीत पुष्कळ आहेत," वाचनालयाचे शिपाईमामा अभिमानाने म्हणाले. "दर वेळी तिथूनच उपसतो."

मिस्त्रींनी मागे जाऊन फावड्याने माती सरकवली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे पायाभोवतीचं गटार आहे! पावसाचं पाणी पायात मुरू नये म्हणून जुन्या लोकांनी बांधलेलं. तेच तुम्ही कपाटांखाली घातलंत."

"म्हणजे हे सगळं पाणी..."

"निम्मं नदीचं. निम्मं तुम्ही बोलावलेलं."

"मी तर चांगल्या चांगल्याच विटा निवडायचो," शिपाईमामा पुटपुटले.

"मग आता सिमेंटनं पक्कं करून टाकू," ग्रंथपाल घाईने म्हणाले.

"सिमेंट नको. चुन्याची भिंत ओल घेते, तशी सोडतेही. सिमेंटनं तिचं नाक दाबलं, की ती आतून कुजते. चुन्यातच बांधू. आणि गटार रुंद करू. पाऊस आता पूर्वीचा राहिला नाही."

वाचकांनी रांग लावून पुस्तकं वरच्या मजल्यावर नेली. ग्रंथपालांनी कपाटांखालच्या विटा स्वतः वाहून आणल्या आणि मिस्त्रींनी चुन्यात पाया सांधून गटार रुंद केलं. महिन्याने इंजिनिअर आले, तेव्हा आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी नव्या गटारातून खळखळत बाहेर चाललं होतं. त्यांनी कुलूप पिशवीतून काढलंच नाही. "पण दर वर्षी तपासायला येणार," एवढंच बजावलं.

वाचकहो, पाणी यापुढेही वाढणार आहे. आपण मात्र आपापली कपाटं उंच करण्यात गुंतलेलो असतो. जुन्या माणसांनी पायाशी काय करून ठेवलंय, ते एकदा वाकून बघायला हवं, आणि काळ बदलला तशी त्यात भरही घालायला हवी.

ग्रंथपाल आता रोज सकाळी वाकून गटारातला पाचोळा काढतात. कंबर धरते, पण तक्रार नाही. शिपाईमामांना मात्र त्या भिंतीकडे एकट्याने जायला बंदी आहे.