हलकी पावलं

"कोण आहे?" दाराआडून आईचा आवाज आला, आणि पाठोपाठ आतून कडी घातल्याचा.

"अगं आई, मीच. उघड."

"मीच म्हणजे कोण?"

क्विंटलला हसू आलं. वजनकाट्यावर मालाचे ट्रक तोलणाऱ्या या कारकुनाला हे नाव ट्रकवाल्यांनीच ठेवलं होतं. "साहेब, आधी तुम्ही काट्यावरून उतरा, मग आमचं वजन घ्या," ही त्यांची रोजची थट्टा, आणि हाही पोट धरून हसायचा. एके दिवशी असाच हसता हसता श्वास लागला आणि तो केबिनमध्येच कोसळला. डॉक्टरीणबाईंनी भीडभाड ठेवली नाही. "असंच चाललं तर आईच्या आधी तुम्ही जाल."

आईला दिसणं जवळपास बंद झालेलं, ऐकूही कमी येणारं, फोनवर तर काहीच नाही. तो गेला तर तिच्याकडे बघणार कोण? या एका विचाराने त्याची झोप उडाली. बरा होईपर्यंत बहिणीने आईला आपल्याकडे नेलं.

दर आठवड्याला पोटात टोचायचं इंजेक्शन सुरू झालं आणि भूक मेली. त्याला वाटलं, झालं काम. डॉक्टरीणबाईंनी तिथेही कान उपटले. "सुई वजन उतरवेल, दम नाही वाढवणार. घाम फुटेपर्यंत चाला. नाहीतर चरबीबरोबर अंगातली ताकदही जाईल." मग काटा बंद झाला की तो आवाराच्या कुंपणालगत फेऱ्या मारायला लागला. ट्रकवाल्यांनी आधी शिट्ट्या मारल्या. पुढे त्याच्याबरोबर चालताना त्यांनाच धाप लागायला लागली. नाव मात्र क्विंटलच राहिलं.

आईला यातलं काही सांगायचं नाही, असं त्यानेच बहिणीला बजावलं होतं. एकदम समोर जाऊन तिला चकित करायचं होतं, हौस दांडगी! आज बहिणीने आईला आणून सोडलं आणि ती खाली औषधं घ्यायला गेली. तेवढ्यात हा कामावरून आला, लाकडी जिना एका दमात चढला आणि दारावर थाप मारली.

"तुझा मुलगा गं!" तो दाराच्या फटीला तोंड लावून ओरडला. ओरडून बोललं की सगळ्यांचे आवाज सारखेच.

"माझा मुलगा असा येतो होय? तो आला की खाली जमीन हादरते. खाटेवर बसल्या बसल्या कळतं मला. तू तर नुसता येऊन उभा राहिलास."

"अगं, मी बारीक झालोय!"

आतून आईचा आवाज आला, पार उतरलेला.

"तू कोण का असेनास बाबा. खरं सांग. गेला ना तो?"

"आई!"

"आठ महिने पोरगी मला टोलवतेय. कसा आहे विचारलं की म्हणते, बरा आहे. पुढे एक शब्द नाही. न कळायला मी काय लहान आहे? कधी गेला, तेवढं सांग."

कौतुक ऐकायला क्विंटल ज्या दाराशी आला, त्याच दारामागून आई त्याच्या मरणाचा दिवस विचारत होती. काय सांगणार होता ओरडून? मी जिवंत आहे म्हणून?

तो वळला आणि पार तळापर्यंत खाली गेला. पहिल्या पायरीवर त्याने सगळा भार टाकून पाय आपटला. मग दुसऱ्या पायरीवर. कठडा धरून, अंग डावी-उजवीकडे टाकत, पूर्वी चढायचा तसा. शेजारीण दार उघडून बघायला लागली. बघेना का. मधल्या वळणावर तो कठड्याला टेकला. धापा खोट्या काढाव्या लागल्या नाहीत. हुंदका आवरताना माणसाला दम लागतोच.

वर कडी निघाली.

आई दारात उभी होती, दोन्ही हात त्याच्या जुन्या मापाने पसरून. तो आत शिरला. तिचे हात मिटत गेले, मिटतच गेले, आणि त्याच्या पाठीमागे एकमेकांना लागले. असं कधी झालं नव्हतं. ती दचकली. तिची बोटं फासळ्यांवरून, खांद्यांवरून फिरत मानेवरच्या चामखिळीवर येऊन थांबली.

"तूच आहेस," ती म्हणाली. "मग बाकीचा कुठे गेलास रे?"



आवाराच्या कुंपणालगत तो अजूनही रोज झपाझप चालतो. घरचा जिना मात्र पाय आपटत, मधे थांबून चढतो. वर पोचतो तेव्हा कडी निघालेली असते.