घळीचा आडोसा

तिला वाट म्हणावं की परसदार म्हणावं, असा प्रश्न पडण्याइतकी ती वाट छोटी होती. गाड्या लावायच्या मैदानातून निघालं की आधी झाडी, मग ओढ्यावरचा लाकडी साकव, मग खडक, आणि खडकांना वळसा घालून परत मैदानात. धापा टाकणारे काका-काकूसुद्धा जेवणाच्या वेळेला परत यायचे. पण एवढ्याशा वाटेत बघण्यासारखं इतकं होतं की लोक लांबलांबून यायचे. एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले दोन सुळके होते, त्यांचं नाव सासू-सुना. पुढे दोन कातळांमधली एक फट होती, तिच्यातून आडवं होऊनच जावं लागे. तिचं नाव ‘पोट आत घे’. ही सगळी नावं वाटबाईनं ठेवलेली.

वाटबाई म्हणजे वन खात्यानं ती वाट राखायला नेमलेली बाई. आडव्या पडलेल्या फांद्या बाजूला करायच्या, खडकांवरचे पिवळे बाण पुसट झाले की पुन्हा रंगवायचे, डुगडुगणारे दगड पहारीनं नीट बसवायचे, आणि लोकांनी टाकलेल्या पिशव्या उचलताना त्यांच्या खानदानाचा उद्धार करायचा. हे शेवटचं काम खात्यानं सांगितलेलं नव्हतं, पण तेच ती सगळ्यात मन लावून करी.

वाटेच्या तोंडाशीच तिच्या धाकट्या भावाचं पाहुणघर होतं. मोजक्या खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे ओट्यावर बाकं. भावाला सगळे बारक्या म्हणत. अंगानं तो पुरता दांडगा झाला, डोक्यावरचे केस मागे हटले, तरी नाव तेच राहिलं. आई गेली तेव्हा तो हाताला धरून चालवण्याएवढा होता. ताईनं त्याला भरवलं, वाढवलं, शाळेतून मारामारी करून आला की आधी त्याला झोडपलं आणि मग समोरच्या पोराच्या आईला जाऊन फैलावर घेतलं. या सगळ्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. बारक्या होता ना.

‘पोट आत घे’मधून बाहेर पडलं की डाव्या हाताला एक घळ लागायची. लागायची म्हणजे फक्त या दोघांना. बाकीच्यांना तिथे वाऱ्यानं मोडून पडलेलं झुडपांचं जंजाळ दिसायचं आणि ते बाणाच्या मागे सरळ निघून जायचे. घळीच्या आत, कातळाच्या कपारीत, मोठ्या घुबडांचं एक जोडपं राहत होतं. नराला वाटबाई ‘साहेब’ म्हणायची, कारण तो दिवसभर एका वठलेल्या झाडावर, कुणी रजा मागायला आल्यासारखं तोंड करून बसलेला असे. मादी नुसती ‘बाई’. या बाईवर वाटबाईचा फार जीव. एकदा पोरांनी धोंडे मारले म्हणून, आणि एकदा कुणा शहाण्यानं कपारीखाली शेकोटी पेटवली म्हणून, बाईची अंडी वाया गेली होती. अंड्यांवरून बिथरून उठलेली घुबडीण परत बसेलच याचा भरवसा नसतो. ती गेली की अंडी गार पडतात आणि खेळ खलास. या खेपेला बाई पुन्हा बसली होती. याही वेळी घात झाला तर हे जोडपं घळ कायमची सोडणार, हे वाटबाईला कळत होतं. म्हणून या वर्षी पिलं बाहेर पडलीच पाहिजेत, हा एकच ध्यास तिनं घेतला होता.

तो आडोसाही तिनंच रचलेला. नुसत्या फांद्या टाकून भागत नाही, माणसाच्या हातची रचना माणसाच्या डोळ्याला लगेच कळते. फांदीचे शेंडे उताराकडे हवेत, झाड आपसूक पडल्यासारखे. कापलेलं टोक पांढरं दिसतं, म्हणून त्याला ओढ्याचा चिखल फासायचा, आणि त्यावर मूठभर जुना पाचोळा दाबायचा. फांद्या बारक्यानंच वाहून आणल्या होत्या. टोकांना चिखल फासायला तिनंच त्याला शिकवलं होतं. “तुझ्या गळ्याची शपथ ताई, ह्या कानाचं त्या कानाला कळणार नाही,” असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि चिखलाचा हात तिच्या गालाला पुसून पळाला होता. एवढा घोडा झाला तरी पोरकटपणा गेला नव्हता.

त्या दिवशी सकाळची उन्हं वर आली तेव्हा वाटबाई नेहमीप्रमाणे समोरच्या कातळावर चढली. ती स्वतःही घळीत जात नसे. इथूनच दुर्बीण लावून बघे. दुर्बिणीत कपार दिसली. बाई नव्हती. झाडावर साहेबही नव्हता. असेल इथेच कुठे, म्हणून ती थांबली. ऊन कातळावरून सरकत खाली आलं, तिचे पाय बधिर झाले, कपार रिकामीच राहिली. ती उठली आणि धडपडत उतरली, सासू-सुनांपाशी गुडघा सोलवटला तोही तिला कळला नाही.

पाहुणघराच्या ओट्यावर एक वयस्कर जोडपं नाश्ता करत बसलं होतं. तिच्याकडे त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. ती थेट स्वयंपाकघरात शिरली.

“बारक्या, बाई उठली रे. कपार मोकळी आहे.”

बारक्याच्या हातातला झारा थांबला. त्याचा चेहरा पडला, तो खराच पडला. “काय सांगतेस? कधीपासून?”

“काल संध्याकाळी होती. कुणीतरी आत गेलंय. कुणीतरी नक्की गेलंय.”

“कोण मेलं हे...” बारक्यानं गॅस बंद केला. “हात तोडायला हवेत असल्यांचे. तू आधी बस. चहा घे. नाही, घेच. मी येतो तुझ्याबरोबर.”

तिनं चहा घेतला. तिच्या गुडघ्यावरचं रक्त त्यानं ओल्या फडक्यानं पुसलं. मग दोघं निघाली, आणि वाटभर तो त्या न पाहिलेल्या माणसांना शिव्या घालत होता. लोकांना अक्कल नाही, जंगल म्हणजे यांना बागबगीचा वाटतो, एक-एकाला उलटं टांगायला हवं. वाटबाईला तेवढ्या अवघडातही बरं वाटत होतं. जगात एक माणूस तरी आपल्या बाजूनं तळमळतंय, असं तिच्या मनात आलं.

‘पोट आत घे’मधून ती आधी बाहेर पडली, बारक्याचं पोट काही आत जाईना, त्याला वेळ लागला. तोवर ती आडोशासमोर उभी होती. आडोसा जागच्या जागी होता. शेंडे उताराकडे, टोकांवर चिखल, चिखलावर पाचोळा. तिला एकदम हायसं वाटलं. कुणी आत गेलेलंच नाही! बाई उगाच कुठे तरी जाऊन बसली असेल, येईल.

पाचोळ्याचं एक पान नीट बसवावं म्हणून तिनं हात लावला. बोटाला गारवा लागला. तिनं बोट डोळ्यांसमोर धरलं. चिखल ओला होता.

तिनं फांद्यांना हात लावल्याला कितीतरी दिवस झाले होते. तिनं फासलेला चिखल वाळून पांढरा पडला होता, तिनं स्वतः पाहिला होता. परक्या माणसानं आडोसा उघडला असता तर तसाच टाकून गेला असता. फार तर फांद्या कशातरी ढकलून दिल्या असत्या. शेंडे उताराकडे करून, ओढ्यावर परत जाऊन, ओंजळभर चिखल आणून टोकांना फासणारा माणूस या जगात, तिला सोडून, एकच होता.

“उघडू का?” मागून बारक्यानं विचारलं.

“नको. मी उघडते.”

तिनं एकेक फांदी बाजूला केली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या घळीत पाऊल टाकलं. कपार तिच्या छातीएवढ्या उंचीवर होती. दोन अंडी उघडी पडली होती. तिनं हळूच बोटाची पाठ लावली. दगडाचा गारठा आणि अंड्यांचा गारठा यांत काही फरक नव्हता.

ती वळली. “कुणाला आणलं होतंस?”

“मी? ताई, मी कशाला...”

“चिखल ओला आहे, बारक्या.”

तो फांद्यांकडे बघत राहिला. मग खाली बसला. “ते ओट्यावरचे काका-काकू. फार चांगली माणसं आहेत गं. काकांना हौस आहे फोटोची. त्यांना म्हटलं लांबूनच, दोनच मिनिटं. पहाटे उजेड चांगला असतो म्हणून... आणि ती बाई अचानक उडालीच. मला वाटलं येईल परत. आणि मी सगळं नीट लावलं ताई, अगदी तू शिकवलंस तसं.”

शेवटचं वाक्य बोलताना त्याच्या आवाजात चक्क शाबासकीची आशा होती.

“का पण?” तिनं विचारलं. “का आणलंस?”

“सगळे तुझंच नाव घेतात. वाटबाई असं सांगते, वाटबाईनं तसं दाखवलं. मी आपला पोहोचल्यावर चहा देणारा आणि जाताना सामान उचलणारा. एकदा तरी कुणाला काही दाखवावंसं वाटलं मला.”

“काय सांगितलंस त्यांना?”

तो पायाशी पडलेला पाचोळा चिवडू लागला.

“सांग.”

“घुबडं मला सापडली असं. इतकी वर्षं मीच त्यांच्यावर लक्ष ठेवतो असं.” तो अडखळला. “आणि ताईला काही बोलू नका म्हटलं. तिचं डोकं जरा... एकटी राहून राहून माणूस जरा तिरसट होतं, असं म्हटलं.”

वाटबाई कातळाला टेकली. अंड्यांचं दुःख तिला सोसलं असतं, दोनदा सोसलं होतंच. पण याच माणसानं सकाळी तिच्यासमोर चेहरा पाडला होता, तिचा गुडघा पुसला होता, तिच्यासाठी चहा ओतला होता. वाटभर घातलेल्या त्या शिव्या! तो तिच्याबरोबर चोर शोधायला आला होता. इतक्या मायेनं कुणी केसानं गळा कापत असेल, हे तिला आजवर माहीत नव्हतं. आणि एकटी राहून राहून, म्हणे. कुणासाठी राहिली होती ती एकटी?

“ताई, चुकलो मी. मार मला. खरंच मार, पण अशी गप्प नको राहूस.”

तिला ओरडायचं होतं. पण तोंडाशी येणारी प्रत्येक शिवी लाडाची निघत होती. गाढवा, माकडा, मेल्या, सगळ्या याच्याच लहानपणी वापरून वापरून मऊ झालेल्या. त्यांतली एकही त्याला द्यावीशी तिला वाटेना. तिनं पदराला हात पुसले, फांद्या उचलल्या आणि घळीच्या बाहेर वाटेच्या कडेला नुसत्या टाकून दिल्या, कशाही, शेंडे कुठल्याही दिशेला.

“तुम्ही खाली जा,” ती म्हणाली. “तुमचे पाहुणे वाट बघत असतील.”

बारक्यानं दचकून मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.