चांगल्या इंग्रजीतला नकार

मी एक जुना, जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे, मित्रांनो. माझ्या पाठीला दोनदा कापडी पट्टी चिकटवलेली आहे आणि 'पी' या अक्षरापाशी माझी शिवण सुटली आहे. तुम्हाला गोड गोष्ट ऐकायची असेल तर आधीच सांगून टाकतो, मला माणसांची किळस आली आहे. सगळ्यांची नाही. पण जमाखर्च मांडायला बसलो की खर्चाचीच बाजू भरते.

माझा जन्म छापखान्यातला. त्या काळी अक्षराचा एकेक खिळा जुळवून पान तयार करत, मग त्या पानाचा सबंध ठसा धातूत ओतत आणि त्यावरून प्रतींमागून प्रती काढत. त्या ठशाला म्हणत स्टीरिओटाइप. आज तुम्ही तो शब्द ठरावीक छापाच्या माणसांसाठी वापरता. खुशाल वापरा. मी तसल्याच ठशातून आलो, मला त्याची लाज नाही. कागदाने एकसारखं असावं, ते त्याचं कामच आहे. माणसांना कोणी सांगितलं होतं?

विलेपार्ल्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या रत्नप्रभाबाईंनी मला विकत घेतलं. ते माझे सुखाचे दिवस. बाई मुलांना शब्दाचा नुसता अर्थ सांगत नसत, त्याचं मूळ गाव सांगत. 'नॉर्म' म्हणजे रीत, नियम. पण लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचा. 'कन्फॉर्म' म्हणजे रीतीला धरून वागणं. मुळात एका आकारात, एका साच्यात बसणं. त्या दिवशी बाई घरून मोदकाचा साचाच घेऊन आल्या होत्या.

"गुण्या लाकडाला लावायचा, साचा पिठाला. माणसाला लावला तर काय होईल?"

"मोदक!" अख्खा वर्ग ओरडला. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

निवृत्त झाल्यावर बाई मुलुंडला एका सहकारी सोसायटीत राहायला आल्या आणि त्यांनी मला सोसायटीच्या वाचनालयात ठेवलं. वाचनालय म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. तिथे एक कॅरम बोर्ड, शिळी वर्तमानपत्रं आणि मी. पोरं माझ्यावर पावडरचा डबा ठेवत. तेही मी चालवून घेतलं. मला उघडणारा माणूस एकच होता, सोसायटीचा सेक्रेटरी नंदकिशोर. बँकेत नोकरी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटण्याची सवय.

या सोसायटीची एक पद्धत होती. पाण्याची टाकी धुणार असतील, हळदीकुंकू असेल, गणपतीची आरती असेल, तर फळ्यावर सूचना मराठीत. पण काही लाजिरवाणं करायचं असलं की सूचना इंग्रजीत. जिन्याखाली झोपणाऱ्या म्हाताऱ्या रखवालदाराला हाकललं, इंग्रजीत. प्रेमावहिनींच्या घरातून सुक्या बोंबलाचा वास येतो म्हणून तंबी दिली, इंग्रजीत. मराठीत लिहिलं की माणूस उघडा पडतो. इंग्रजीत लिहिलं की जणू सोसायटी आपोआपच बोलते. आणि त्यासाठी लागणारे धुतलेले, इस्त्रीचे शब्द कुठून यायचे? माझ्या पोटातून. त्या थुंकीच्या बोटाने.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात अंबादास सोनवणे वाचनालयात आला. दुसऱ्या मजल्यावर राहणारा, ट्रॉम्ब्याला नोकरी करणारा, बोलायला मोजका माणूस. त्याच्या मुलीचं, शकूचं, लग्न ठरलं होतं. सोसायटीच्या आवारात मांडव घालायचा, बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो मांडायचा, वंदना, पंचशील, हार आणि जेवण. शकूची इच्छाच होती, जिथे लहानाची मोठी झाले तिथून निघायचं.

"अरे वा! झकास!" नंदकिशोर म्हणाला. "आपलंच आवार आहे. कमिटीच्या कानावर घालतो, बस."

त्या आवारात आजवर जी लग्नं झाली त्यांतलं एकही कोणाच्या कानावर घालावं लागलं नव्हतं. दशरथ सावंतांच्या मुलाच्या लग्नात तर मांडवाचे दिवे खुद्द अंबादासने शिडीवर चढून लावून दिले होते.

दुसऱ्या दिवशी नंदकिशोर आला, बोट ओलं केलं आणि मला उघडलं. फळ्यावर सुरेख अक्षरात सूचना लागली की, आवारातील सर्व समारंभ सोसायटीच्या प्रस्थापित नॉर्म्सना कन्फॉर्म करणारेच असावेत. नाव कोणाचंच नाही. अंबादासने ती दोनदा वाचली आणि तो जिन्यात दशरथला भेटला.

"माझा काय नाय रे अंबादास," दशरथ म्हणाला, "माका काय अडचण? पण लोकांचा काय?"

प्रेमावहिनीही तेच म्हणाल्या. वरचे मजलेही तेच म्हणाले. मित्रांनो, या इमारतीत 'लोक' नावाचा एक भाडेकरू राहत होता. त्याला कोणी पाहिलं नव्हतं, पण इमारत त्याच्या मर्जीने चालायची.

अंबादास मागे हटेना, तेव्हा रविवारी सकाळी वाचनालयात सभा बोलावली. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून मला टेबलावर ठेवलं होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या रत्नप्रभाबाई उठल्या.

"नंदकिशोर, तुझी नोटीस वाचली. इंग्रजी छान आहे रे तुझं."

"थँक्यू, बाई."

"आता हीच मराठीत सांग."

"सगळ्यांना कळलीये, बाई."

"मला नाही कळली. सांग ना."

नंदकिशोरने घसा साफ केला. "म्हणजे... समारंभ आपल्या रीतीला धरून असावेत."

"आपल्या म्हणजे?"

"नेहमीच्या."

"कोणाच्या नेहमीच्या?"

नंदकिशोरने दशरथकडे पाहिलं. दशरथने पंख्याकडे पाहिलं. दारात शकू उभी होती. मागून कोणीतरी पुटपुटलं, "मेंबर नसलेल्यांनी मध्ये बोलायचं नाही हं."

"मी बोलत नाही, काका," शकू म्हणाली. "नुसतं भाषांतर करते. 'शकूचं लग्न इथे नको, कारण सोनवणे बौद्ध आहेत.' चुकलं असेल तर सांगा, दुरुस्त करते."

एकाने जरी 'चुकलं' म्हटलं असतं, तरी मी आज तुमच्याशी वेगळ्या सुरात बोललो असतो. दशरथच्या बायकोने, शेवंतीने, तोंडाला पदर लावला.

"असं कोणी म्हटलंय का?" नंदकिशोर चिडला.

"नाही ना म्हटलं. म्हणून मला म्हणावं लागलं."

मग हात वर करायला सांगितले. मांडवाला नकार देण्याच्या बाजूने आधी नंदकिशोरचा हात गेला. त्याच्याकडे बघून शेजारच्याचा, शेजारच्याकडे बघून मागच्याचा. दशरथचा हात जेमतेम खांद्यापर्यंत आला. तेवढ्याने आपण धड इकडचेही नाही आणि तिकडचेही नाही, असं त्याला वाटलं असावं. पण मोजणाऱ्याने तो मोजलाच. खाली राहिले बाईंचे हात आणि गुडघ्यांवर ठेवलेले अंबादासचे.

नंदकिशोरने सुस्कारा सोडला, बोट ओलं केलं आणि ठरावासाठी मला उघडलं. त्याला 'युनॅनिमस' हवा होता. एकमताने. मुळात एक जीव, एक मन.

"दोघं विरोधात आहेत," बाई म्हणाल्या.

"जाऊ द्या ना बाई, लिहिताना बरं दिसतं."

"मग माझ्या पुस्तकातला शब्द घेऊन लिहू नकोस." बाईंनी मला मिटलं, त्याच्या बोटावरच. "दिलं होतं, परत घेतलं." आणि माझ्यावरची कॅरमची पावडर त्यांनी आपल्या पदराने पुसली.

त्यानंतरचे दिवस मी बाईंच्या खिडकीतून पाहिले. अंबादास जिन्यात दिसला की माणसं खिशात किल्ली शोधायची. शकूला पाहून शेवंती वाळत घातलेले कपडे पुन्हा झटकायची. माझ्यात एक शब्द आहे, 'बॉयकॉट'. त्याच्या शंभरएक वर्षं आधी आयर्लंडात या नावाचा एक माजी कप्तान जमीनदाराचा कारभार पाहत होता. पिचलेल्या कुळांनी त्याच्या शेतावर काम करायचं सोडलं, दुकानदारांनी माल द्यायचा थांबवला. दुबळ्यांनी जबरदस्तावर उगारलेलं हत्यार होतं ते. आणि मुलुंडच्या जिन्यात सगळ्या इमारतीने ते एका मुलीवर चालवलं. हे बघून मला स्वतःची पानं नकोशी झाली.

लग्न घाटकोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. अंबादासने घरोघर जाऊन आमंत्रण दिलं होतं. एकही दार सोडलं नव्हतं. त्या सकाळी बाई मला कोऱ्या कापडात गुंडाळून रिक्षात बसल्या. वर प्रत्येक गॅलरीत माणसं नटूनथटून उभी होती. कोणाच्या हातात आहेराची पिशवी, शेवंतीच्या केसांत गजरा. प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बघत होता, आधी कोण खाली उतरतं ते. कोणीच उतरलं नाही. मला खरी किळस आली ती तेव्हा. वाईट त्यांनी एकमेकांकडे बघून केलं होतं, ते मी समजू शकलो असतो. पण चांगलं करायची इच्छा असूनही ती गॅलरीतच वाळवली.

हॉलमध्ये पांढऱ्या साडीतल्या शकूच्या हातात बाईंनी मला ठेवलं. तिने वळून दाराकडे पाहिलं. सोसायटीसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"कोणी नाही आलं, बाई?"

"नाही गं."

शकू हॉलमध्ये उभ्या असलेल्या पोरांना म्हणाली, "त्या खुर्च्या मागे द्या रे. मागे आपली माणसं उभी आहेत."

आता मी शकूच्या घरी आहे, मित्रांनो. ती कोरड्या बोटाने पानं उलटते. माझी पानं दुमडू नका, माझ्यावर कप ठेवू नका, हे तुम्हाला शाळेत सांगितलंच असेल. माझं मागणं वेगळं आहे. कोणाला नकार द्यायचा असेल, तर ज्या भाषेत आईकडे जेवायला मागता त्या भाषेत तो आधी स्वतःशी म्हणून बघा. जीभ उचलली नाही, तर माझ्याकडे शब्द मागायला येऊ नका. तो नकारच गिळून टाका.