श्वास सोडा, तिथेच थांबा

मी एक जुनं एमआरआय यंत्र आहे, मित्रांनो. पोटात बोगदा, अंगात चुंबक आणि आवाज असा, की बाहेरच्या बाकावरची माणसं दचकतात. भिंत फोडून मला या खोलीत आणलं, तेव्हा मोठे डॉक्टर पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "आता हृदयाचा स्नायू न कापता बघू!"

आता शेजारी नवं यंत्र आलंय. तिथे गर्दी झाली तरच माझी आठवण होते.

एकदा पोहायला शिकवणारे मास्तर आले. हृदयाचा झटका येऊन गेलेला. प्रश्न एकच होता: स्नायूचा जो भाग हलत नाही, तो मेलाय की नुसता झोपलाय? झोपला असेल तर ऑपरेशनने रक्त पोचवलं की जागा होईल. मेला असेल तर छाती उघडून उपयोग नाही.

"श्वास सोडा. थांबा," मला चालवणाऱ्या ताई माइकवरून म्हणाल्या.

टक टक टक टक.

एक चित्र वर, एक खाली. जुळेचना.

"श्वास सोडा. थांबा."

टक टक टक टक.

"झालं! म्हातारं आज दगा देणार," ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

मी नाही हो! मास्तर श्वास सोडून, वर गुपचूप हवा घेत होते. कधी कमी, कधी जास्त. छाती फुगली की हृदय जागचं सरकतं. पण मला बोलता कुठे येतं?

काचेपलीकडे त्यांची बायको हसली. "यंत्राला कशाला बोल लावता? हे चोरून हवा भरताहेत. चाळीस वर्षं ओळखते मी." तिने माइक ओढला. "अहो, पोरांना काय शिकवता? बुडबुडे सोडा आणि तिथेच थांबा. शर्यत नाहीये ही!"

"बरं, बाई."

टक टक टक टक.

शिरेतून दिलेल्या औषधाने मेलेला स्नायू पांढरा दिसतो, जिवंत काळा. पांढरी कड निघाली नखाच्या कोरीएवढी. बाकी सगळा काळा.

"झोपलाय," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करू."

"मालकावरच गेलाय. हलवल्याशिवाय उठायचा नाही," बायको म्हणाली आणि डोळे पुसत बसली.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला वेळेवर गारवा द्या, खिशातली किल्ली बाहेर ठेवून या. आणि जे हलत नाही, त्याला मेलं म्हणण्याआधी एकदा नीट बघा.

श्वास सोडा.

थांबा.